गर्डरला होल मारायचाय? आधी खडू, मग ड्रिल

बेळगावात शेडच्या कामांची घाई मे महिन्यात. मृगाच्या आधी पत्रे चढायला हवेत. गर्डर बसतो, रंगही होतो आणि मग कुणाला तरी आठवतं, पाइप न्यायचा राहिला! प्लंबर उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात गॅस कटर मागायला येतो. मी कटर देण्याआधी विचारतो, "होल कुठे मारणार?"

गर्डर सगळीकडे सारखा राबत नाही. आय-सेक्शनच्या, म्हणजे इंग्रजी I आकाराच्या गर्डरच्या, वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्लँज, वाकण्याचा ताण झेलतात. मधली उभी पाटी म्हणजे वेब, ती मुख्यतः शिअर, म्हणजे गर्डरला आडवा कातरू पाहणारा जोर, घेते. म्हणून फ्लँजला हात लावायचा नाही. शहापुरातल्या एका घरात पाइप थोडा वर बसावा म्हणून खालच्या फ्लँजला अर्धगोल खाच पाडलेली मी पाहिली, तीही नेमकी गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मध्यावर, जिथे ताण सगळ्यात जास्त. शेवटी टेकू लावून, प्लेट मारून ते निस्तरावं लागलं. पाइपला एक बेंड घातला असता तर भागलं असतं.

होल वेबमध्ये, उंचीच्या मध्यावर घ्या. दोन्ही टोकांना टेकलेल्या आणि सारखा भार असलेल्या गर्डरला शिअर टोकांशी जास्त असतो, मध्याकडे कमी होत जातो. त्यामुळे भिंतीजवळचा भाग सोडा. वरून दुसरा गर्डर किंवा खांब टेकला असेल, तर त्याच्या खालची जागाही सोडा. बाल्कनीच्या पुढे आलेल्या गर्डरला भिंतीलगतची जागा सगळ्यात नाजूक. क्रेनच्या गर्डरला तर इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय ड्रिल टेकवूच नका. जुन्या घरांत तुळई म्हणून रेल्वेचे रूळ घातलेले असतात. त्यांचं पोलाद कडक असतं, गॅस लावला की कड ठिसूळ होऊन तडा जाऊ शकतो. ते सोडूनच द्या.

खडूने खूण केलीत की फोटो आणि मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. होल केवढा, दोन होलांत अंतर किती, कडेने प्लेट लागेल का, हे तो आयएस 800:2007, म्हणजे पोलादी बांधकामाचं भारतीय मानक, धरून हिशोबाने सांगेल. टेकू लागणार असेल तर तो होल मारायच्या आधी लावायचा. हे उलटं करणारे भेटतात.

आता ड्रिल. बोल्टच्या होलाला चुंबकी ड्रिल, म्हणजे विजेच्या चुंबकाने गर्डरला चिकटून बसणारं मशीन, उत्तम. 20 मिमीच्या बोल्टला 22 मिमीचा होल. चुंबक बसणार तिथला रंग, गंज घासून काढा. 300 मिमी उंचीच्या आयएसएमबी (बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या आय-सेक्शन) गर्डरची वेब जेमतेम साडेसात मिमी असते, एवढ्या पातळ लोखंडावर चुंबकाची पकड कमी पडते. म्हणून साखळी गर्डरभोवती आवळून बांधायचीच. लाइट गेली की चुंबक सुटतो आणि मशीन खाली येतं, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. ड्रिलच्या कटरला तेल किंवा कूलंट द्या, दाब सावकाश वाढवा. नीट कापलं जात असेल तर चकचकीत वळलेली कीस निघते. निळी, जळकी कीस दिसली तर वेग कमी करा. 75 मिमीच्या होल सॉला (गोल करवतीसारख्या कटरला) मिनिटाला शंभरेक फेरे पुरतात. शेवटी आतली गोल चकती गरमागरम पलीकडे पडते, तेव्हा खाली माणूस नको. फिरत्या कटरजवळ सुती हातमोजेही नकोत, गुंडाळले जातात. डोळ्याला चष्मा, उंचीवर बेल्ट.

गॅस शेवटचा उपाय. चौकोनी होल लागलाच तर चारही कोपऱ्यांवर आधी गोल होल ड्रिल करा, मग त्यांच्यामधली रेघ कापा. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तडा तिथूनच धावतो. गॅसच्या नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी आत शिरू न देणारा व्हॉल्व्ह, हवा. झिंकचा मुलामा असेल तर तो आधी घासून काढा, त्याच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. खालची पिंजर, पोती, थिनरचे डबे लांब न्या, पाण्याची बादली जवळ ठेवा आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी तिथे बसा. ठिणगी फटीत दडून मागाहून पेटते.

कापलेली कड ग्राइंडरने गुळगुळीत करा, बोट फिरवून बघा, खाच लागली तर पुन्हा घासा. मग लगेच रेड ऑक्साइडचा हात मारा. बेळगावच्या पावसात उघडी कड चार दिवसांत तांबडी होते.