नव्या इमारतीच्या आराखड्यातील चुका टाळा: आधी जागा, मग सदनिका

महाराष्ट्रात मुंबई महानगरपालिकेची हद्द आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली, तर डिसेंबर 2020 पासून सगळीकडे एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कार्यालयांत ती ‘यूडीसीपीआर’ या नावानेच ओळखली जाते. त्यामुळे नाशिकचा नियम वेगळा आणि कोल्हापूरचा वेगळा, ही सबब आता चालत नाही. तरीही प्रस्ताव त्रुटी लागून परत येतातच, आणि मंजूर होऊन उभ्या राहिलेल्या कित्येक इमारतींत रहिवाशांची पहिल्या पावसाळ्यातच तारांबळ उडते. या दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. सदनिकांचा नकाशा आधी पक्का केला जातो, विक्रीचा तक्ता तयार होतो, आणि मग वाहने, पाणी, अग्निशमनाचा बंब व चालणारी माणसे यांना उरलेल्या जागेत कसेबसे बसवले जाते.

क्षेत्रफळ कागदावरून गृहीत धरणे

सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर लिहिलेले क्षेत्र, मोजणी नकाशातील क्षेत्र आणि जागेवर कुंपणाच्या आत भरणारे क्षेत्र ही तिन्ही जुळतातच असे नाही. फरक असेल तर सर्वांत कमी क्षेत्र धरून हिशेब करावा लागतो. हा फरक प्रस्ताव दाखल झाल्यावर उघडकीस आला, की केवळ क्षेत्रफळ नव्हे तर सामासिक अंतरेही (इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा) हलतात आणि संपूर्ण नकाशा नव्याने काढावा लागतो. म्हणून रेखाटनाला हात घालण्यापूर्वी भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात, आणि शेजाऱ्याची भिंत हद्दीत आत आली आहे का हे त्याच वेळी पाहून घ्यावे. विकास आराखड्यातील रस्त्याखाली किंवा रुंदीकरणात जाणारे क्षेत्रही याच टप्प्यावर वजा करून ठेवावे.

रस्त्याच्या बाबतीत दुसरी गफलत होते. महानगरपालिका क्षेत्रात दाट वस्तीबाहेरील निवासी भूखंडाला मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, 1.10 मिळतो, पण त्यावर अधिमूल्य भरून किती वाढ घ्यायची आणि किती टीडीआर (दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, हस्तांतर करता येणारा बांधकामाचा हक्क) वापरायचा हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर ही वाढ मिळत नाही. 9 ते 12 मीटरला एकूण मर्यादा 2.00, 12 ते 15 मीटरला 2.25, आणि 30 मीटर व त्यापुढे 3.00 अशी ती चढत जाते. दलालाच्या माहितीपत्रकात ‘12 मीटर रोड टच’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात आराखड्यातील रुंदी एक, जागेवरची दुसरी आणि मंजूर रेखांकनातील तिसरीच निघते. जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वीच संबंधित प्राधिकरणाकडून रस्त्याच्या रुंदीचा लेखी अभिप्राय घ्यावा, कारण 9 मीटरच्या अलीकडे-पलीकडे असण्यावर प्रकल्पाचे सगळे अर्थकारण उभे असते.

जुन्या सवयीने केलेला चटईक्षेत्राचा हिशेब

पूर्वीच्या नियमावल्यांत बाल्कनी, जिना, लॉबी अशा गोष्टी चटईक्षेत्रातून वगळल्या जात, आणि त्या सवलतींभोवती नकाशे रचण्याची हातोटी एका पिढीने कमावली होती. नव्या नियमावलीत प्रत्येक मजल्याच्या बाह्यरेषेच्या आतील, म्हणजे पी-लाइनच्या आतील, जवळजवळ सगळे क्षेत्र मोजले जाते आणि त्याबदल्यात निवासी वापराला 60 टक्के व अन्य वापराला 80 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे अशा पूरक भागांसाठीचे जादा, चटईक्षेत्र अधिमूल्य घेऊन दिले जाते. अजूनही काही नकाशांत बाल्कनी वगळलेली दिसते, तर काहींत अनुषंगिक क्षेत्र दोनदा धरलेले आढळते. नियमावलीत मंजुरीनंतर अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यामुळे संगणकात साठवलेल्या जुन्या प्रतीवरून हिशेब करणे हीदेखील एक चूकच आहे.

कागदावर सहा मीटर, जागेवर तीन

इमारतीची उंची 15 मीटरपेक्षा जास्त असेल, तर बाजूचे व मागचे सामासिक अंतर उंचीच्या एक पंचमांश ठेवावे लागते, आणि 24 मीटर ओलांडून इमारत ‘विशेष’ या वर्गात गेली की ते किमान 6 मीटर लागते. त्याच क्षणी जिन्यांची रचना, रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी रहिवाशांना थांबण्यासाठीची सुरक्षित जागा) आणि अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र हे विषयही सुरू होतात. विक्री चांगली चालली म्हणून नंतर एक मजला वाढवण्याचा मोह होतो, तेव्हा तो मजला फक्त वर चढत नाही. खाली चारही बाजूंची जागा मागतो, आणि पाया भरून झालेला असल्यास ती देता येत नाही. वाढीव मजल्याची थोडीही शक्यता असेल तर सामासिक अंतर पहिल्याच दिवशी अंतिम उंचीनुसार ठेवणे शहाणपणाचे ठरते.

त्याहून गंभीर चूक नकाशा मंजूर झाल्यावर घडते. हे 6 मीटर अंतर शोभेसाठी नसून त्यातून अग्निशमनाची गाडी इमारतीभोवती फिरायची असते. गाडीला वळण्यासाठी किमान 9 मीटरची वळणत्रिज्या, प्रवेशद्वाराला किमान 6 मीटर रुंदी, आणि खालच्या पृष्ठभागाला 45 टन वजनाच्या गाडीचा भार सोसण्याची ताकद लागते. प्रत्यक्षात याच पट्ट्यात एका बाजूला रोहित्र आणि जनरेटर, दुसऱ्या बाजूला सांडपाणी प्रकल्पाची झाकणे, कोपऱ्यात पहारेकऱ्याची खोली, आणि उरलेल्या जागेत विटांचे कट्टे बांधून केलेली बाग असते. प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे लहान व निरुपद्रवी वाटते, पण सगळ्या मिळून बंबाची वाट बंद करतात. तळघराचा किंवा पाण्याच्या टाकीचा स्लॅब या पट्ट्याखाली येत असेल, तर तो नेहमीच्या मोटारींच्या भाराने संकल्पित केलेला असतो आणि ही बाब स्थापत्य अभियंत्याला कोणी सांगितलेलीच नसते.

उपाय साधा आहे, फक्त तो वेळेवर करावा लागतो. वास्तुविशारद, संरचना अभियंता, विद्युत सल्लागार आणि प्लंबिंगचा सल्लागार यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून एकच स्थळनकाशा तयार करावा, त्यावर गाडीचा मार्ग ठळक रंगाने आखावा, आणि या रेषेत येणारी प्रत्येक वस्तू काम सुरू होण्यापूर्वी हलवावी. प्रवेशद्वाराची कमान हा आणखी एक हौशी अडथळा. तिची उंची ठरवताना शिल्पकामापेक्षा बंबाची शिडी महत्त्वाची मानावी.

खांब वरच्या खोल्यांनी ठरवणे

तळमजल्यावरील पार्किंगमध्ये गाड्या का बसत नाहीत, याचे उत्तर अनेकदा पहिल्या मजल्यावरच्या शयनगृहात सापडते. खांबांची जागा वरच्या खोल्यांच्या भिंतींनुसार ठरते आणि खाली दोन खांबांमध्ये 4.6 मीटर मोकळे अंतर उरते. मोठ्या मोटारीसाठी 2.5 × 5 मीटर आणि लहान मोटारीसाठी 2.3 × 4.5 मीटर असे माप धरले जाते, म्हणजे 4.6 मीटरमध्ये दोन लहान गाड्या नकाशावर बसतात, पण खांबाला चिकटलेल्या गाडीचे दार उघडत नाही. दोन मोठ्या गाड्यांसाठी खांबांमधील निव्वळ अंतर किमान 5 मीटर लागते, आणि हे अंतर गिलाव्यानंतरचे मोजावे. खांबांची चौकट पार्किंगपासून वर न्यावी; उलट दिशेने आल्यास नंतर जड तुळयांवर खर्च होतो किंवा रहिवाशांत कायमचे वाद सुरू होतात.

तळघराच्या उताराचेही तसेच आहे. कमाल उतार 1:10 असल्याने 3.3 मीटर खाली जायला 33 मीटर लांबी लागते, शिवाय दोन्ही टोकांना उतार सौम्य करावा लागतो. ही लांबी लहान भूखंडावर मिळत नाही, म्हणून उतार थेट फाटकापाशी येऊन संपतो आणि वर येणाऱ्या चालकाला पदपथावरचा माणूस दिसतच नाही. फाटकाच्या आत एक गाडी सपाट उभी राहील एवढी जागा सोडता येत नसेल, तर तळघराचा विचार सोडून यांत्रिक पार्किंगचा पर्याय तपासणे बरे.

माणसांसाठीचा उतार याहून सौम्य, म्हणजे 1:12 असावा लागतो. जोते 45 सेंटीमीटर उंच असेल तर तो 5.4 मीटर लांब होतो. तो शेवटच्या दिवशी आठवला की जिन्याशेजारी फरशी तिरपी बसवून वेळ मारून नेली जाते, आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला ती चढणे शक्य नसते.

पाण्याला विसरणे

भूखंडाची पातळी ठरवताना फक्त आजचा रस्ता पाहू नये. डांबरीकरणाचे थर चढत जातात आणि काही वर्षांत जोत्याची उंची रस्त्याच्या तुलनेत कमी भरते. पावसाचे पाणी मग आवारात शिरते. वरच्या अंगाच्या भूखंडांवरून पाणी कुठून येते आणि खालच्या अंगाला कुठे जाते, हे समपातळी रेषांच्या नकाशावरच दिसते. तो नकाशा न काढता नाला वळवणे किंवा त्याच्या काठावर भिंत घालणे किती महागात पडते, हे 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुरात पुण्याने पाहिले. पुराचे पाणी कुठवर येते हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेचा दाखला म्हणूनच औपचारिकता समजू नये.

पर्जन्यजल पुनर्भरणाचा खड्डा हा तर अनेक ठिकाणी नकाशातील एक गोल असतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वरच्या काळ्या मातीत किंवा अखंड पाषाणात खड्डा खणला, तर पाणी मुरत नाही; ते मुरायला भेगाळलेला किंवा झिजलेला थर लागतो आणि तो कुठे आहे हे भूजलतज्ज्ञाकडून आधी तपासून घ्यावे लागते. छतावरचे पाणी गाळण्याची सोय न करता विंधन विहिरीत सोडणे हीदेखील सर्रास आढळणारी चूक आहे.

तळघरासाठी खोदाई करताना शेजारच्या भिंतीचा पाया किती खोल आहे, हे विचारले जात नाही. 29 जून 2019 रोजी पुण्यात कोंढवा येथे एका सोसायटीची भिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळून 15 जणांचा बळी गेला. हद्दीलगत खोदाई असेल तेव्हा आधाराची व्यवस्था पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हावी, आणि मजुरांची वस्ती अशा भिंतीच्या पायथ्याशी कोणत्याही परिस्थितीत नसावी.

खुली जागा आणि नंतरचे बदल

4000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या जागेत 10 टक्के क्षेत्र मनोरंजनात्मक खुली जागा म्हणून सोडावे लागते आणि ते शक्यतो मध्यवर्ती ठिकाणी, एकत्र असावे. कोपऱ्यातले तुकडे जोडून टक्केवारी भरली तर मंजुरी अडते. ती मिळाली तरी तिथे मुले खेळत नाहीत.

मंजूर नकाशापेक्षा वेगळे बांधकाम आधी करायचे आणि सुधारित परवानगी नंतर मागायची, ही रीत जोते तपासणीच्या वेळी किंवा भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अंगाशी येते. खिडकीची जागा बदलली इतका फरक पचतो. सामासिक अंतर 20 सेंटीमीटरने कमी झालेले पचत नाही. जोत्याच्या आखणीच्या दिवशी हद्दीपासूनची अंतरे पुन्हा मोजून नोंदवावीत, आणि फरक आढळला तर काँक्रीट ओतण्यापूर्वीच काम थांबवावे.