योगशिबिराला जाताना सोबत काय घ्यावे

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हापासून योग शिकण्यासाठी तिथे जाणाऱ्यांची रीघ आहे. सोलापूरकरांनी मात्र निघताना आपल्या कोरड्या हवेचा हिशेब बाजूला ठेवावा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून सैल सुती कपड्यांचे दोन जोड जास्तच घ्यावेत.

बैठकीसाठी सोलापुरी चादरीसारखे दुसरे काही नाही. रबरी चटईवर ती चौपदरी अंथरली की पद्मासनात घोटे दुखत नाहीत आणि शवासनानंतर अंग गार पडू लागले तर तीच पांघरता येते. चादर नवीकोरी नसावी, धुऊन मऊ झालेली असावी. उभ्याने करायच्या आसनांत ती सरकते, तेव्हा घडी करून बाजूला ठेवावी.

जलनेतीचे, म्हणजे पाण्याने नाक धुण्याचे, भांडे स्वतःचेच असावे. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्यावीत आणि उच्च रक्तदाब असल्यास कपालभातीपूर्वी शिक्षकांना तसे आवर्जून सांगावे. टॉवेल, पाण्याची बाटली, वही हे ओघाने आलेच.

शेंगाचटणीची पुडी कितीही मोह झाला तरी घरीच ठेवावी, कारण शिबिरातला आहार मुद्दाम सौम्य राखलेला असतो.