म्हाताऱ्या लॅब्राडोर कुत्रीचं पंजे चावणं कसं थांबलं (माझा अनुभव)

आमची लॅब, वय 11. पावसाळा लागला की रात्रभर पुढचे पंजे चावत बसायची, बोटांमधले फिके केस चहाच्या डागासारखे तांबूस झालेले आणि वास आंबलेल्या पिठासारखा. खोबरेल तेल लावलं, चाटून साफ. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घातली, काढली की परत सुरू. खाण्याची ॲलर्जी असेल म्हणून चिकन बंद केलं पण 2 आठवड्यांतच धीर सुटला (त्याला निदान 8 आठवडे द्यावे लागतात). आमच्या झोपेचं पार खोबरं झालं.

शेवटी डॉक्टरांनी बोटांच्या फटीत टेप चिकटवून ती मायक्रोस्कोपखाली बघितली, तर यीस्ट (एक प्रकारची बुरशी). मूळ ॲलर्जी, त्यावर हे.

मग फिरून आलं की आधी पंजे साध्या पाण्याने धुवायचे, मग डॉक्टरांनी दिलेला क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा (जंतू आणि बुरशी मारणारा) शाम्पू फटीत चोळून घड्याळ लावून 10 मिनिटं ठेवायचा, तेवढा वेळ चाटू द्यायचं नाही (मी गाजर धरून बसतो), मग भरपूर पाण्याने धुवून एकेक फट टॉवेलने कोरडी करायची, ओलं राहिलं की सगळं फुकट. शाम्पू आठवड्यातून दोनदाच, बाकी दिवस पाणी आणि पुसणं. खाजेची गोळी वय बघून रक्त तपासल्यावरच दिली. चौथ्या आठवड्यात चावणं थांबलं, तांबूस केस मात्र अजून आहेत, नवे येतायत ते फिके.