घरी बांधलेल्या विमानात हीटरचा ब्लोअर बसवताना

सांगलीत हीटर म्हटलं की लोक हसतात. एप्रिलमध्ये इथं डांबर पाघळतं, आणि मी तीस वर्षं मोटारींच्या वायरिंगवर आणि एसीवर पोट भरतोय. पण कराडजवळ एका निवृत्त सरांनी शेडमध्ये दोन सीटचं विमान जुळवलंय. त्याच्या वायरिंगला मी जातो. एका डिसेंबरात सर म्हणाले, "मिस्त्री, वर पाय गारठतात, ते सोसेन. पण दोघं बसलो की काचेवर वाफ धरते. समोरचं दिसत नाही हो."

हिशेब साधा आहे. हजार फूट चढलं की साधारण 2 अंश उतरतात. सकाळी खाली 12 असेल तर सहा हजार फूट वर शून्याच्या आसपास.

पंखा ऊब तयार करत नाही, फक्त वाहून नेतो. म्हणून आधी ऊब कुठून घ्यायची ते ठरवा. सरांचं इंजिन रोटॅक्स 912. त्याच्या सिलिंडरचे हेड कूलंटने, म्हणजे फिरत्या पाण्याने, थंड होतात, म्हणजे मोटारीसारखी हीटर कॉईल (ते गरम पाणी फिरणारी छोटी जाळी) लावता येते. ज्यांचं इंजिन निव्वळ हवेवर थंड होतं, त्यांना सायलेन्सरभोवतीच्या पत्र्याच्या वेष्टणातून गरम हवा घ्यावी लागते. सायलेन्सरला चीर गेली तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. कॉईल असो की वेष्टण, त्याचा अलार्म डॅशवर हवाच, कारण उडताना केबिनमधला दाब जरा कमी असतो आणि फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीला) राहिलेलं एखादं भोकसुद्धा इंजिनाकडची हवा आत ओढतं. ब्लोअरला हवा केबिनमधली द्या, नाहीतर बाहेरची स्वच्छ. इंजिनाच्या झाकणाखालची कधीही नको.

कॉईलची लाईन मुख्य पाण्याच्या वाटेला टी मारून समांतर काढा आणि तिच्यावर तोटी बसवा. एकामागे एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडलीत, तर उन्हाळ्यात तोटी बंद केली की इंजिनाचंच पाणी अडलं! कॉईलची उंची वरच्या टाकीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर हवा अडकून बसते आणि एक होज गरम, दुसरी गार लागते. फायरवॉलमधून होज नेताना स्टीलचा निपल (आखूड जोडनळी) वापरा आणि भोवतालची फट आगीला टिकणाऱ्या सीलंटने बुजवा. रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवायचं रबराचं कडं, तिथं चालत नाही.

आता पंखा. इथं मी पहिल्यांदा फसलो. वजन वाचेल म्हणून कॉम्प्युटरचे दोन 120 मिलीमीटरचे पंखे लावले. पंख्यासमोर हात धरला की झकास वारा. नळी जोडली, काचेखालच्या तोंडाशी टिश्यूची पट्टी धरली, तर ती हलेना. असले पात्यांचे पंखे मोकळ्या हवेत चांगले. पुढं कॉईल, मग दोन वळणांची नळी आली की त्यांचा जोर संपतो. शेवटी जुन्या मारुतीच्या डॅशखाली असतो तसला ब्लोअर घेतला, गोल डबीत जाळीदार ड्रम फिरतो तो. पट्टी आडवी झाली. ब्लोअर कॉईलच्या आधी ठेवा, म्हणजे तो गार हवा ढकलेल आणि मोटर तापणार नाही. एक तोंड पायाशी, एक काचेखाली. काचेकडची नळी सरळ आणि आखूड.

वायरिंगआधी क्लॅम्प मीटर लावा. आमचा ब्लोअर जोरात 4.2 अँपिअर खातो, सुरू होताना क्षणभर 9. या इंजिनाचा स्वतःचा जनरेटर सुमारे 250 वॅटचा, म्हणजे 18 अँपिअरच्या आत सगळं भागवायचं, तेही पूर्ण आरपीएमला. जमिनीवर मंद चालताना रेडिओ, लाईट आणि ब्लोअर एकदम लावला की व्होल्टमीटर खाली येताना दिसतो. मी 18 गेजची टेफझेलची, म्हणजे उष्णतेला टिकणाऱ्या आवरणाची, वायर आणि 7.5 चा फ्यूज घातला. बाजारातली पीव्हीसी वायर जळली की घुसमटवणारा धूर करते, आणि वर गाडी बाजूला घेऊन दार उघडायची सोय नाही. वायरच्या टोकाचे लग क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. सोल्डर नको, सोल्डर जिथं संपतं तिथंच हादऱ्याने तार तुटते.

वेग कमी-जास्त करायला मी स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला होता. रेडिओ लावला आणि कानात मधमाश्यांचं मोहोळ उठलं. सर हेडफोन काढून माझ्याकडे नुसते बघत राहिले. विमानाचा रेडिओ 118 ते 137 मेगाहर्ट्झवर एएममध्ये बोलतो, आणि एएम प्रत्येक ठिणगीची खरखर पकडतं. रेग्युलेटर काढून मोटारीतला रेझिस्टर बसवला. तो तापतो, म्हणून ब्लोअरच्याच हवेत ठेवा आणि थर्मल फ्यूज असलेलाच घ्या. मोटरच्या ब्रशच्या टोकांवर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही वायरी पिळून, आणि निगेटिव्ह पत्र्याला न लावता थेट मुख्य अर्थच्या बोल्टवर. खरखर गेली.

तरी पहिल्या उड्डाणात हवा कोमटच आली. रेडिएटर थंडीत पाणी फारच गार करत होता. त्याचा थोडा भाग पत्र्याने झाकला, तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून, तेव्हा पाय शेकले. काचेवर चिकट थर आणि गोडसर वास आला तर कॉईल गळतेय. तोटी बंद करून खाली उतरा.

वजन कॉईल, पाणी, ब्लोअर धरून अडीच किलो वाढलं. ते वजन-तोलाच्या कागदावर चढवलं, सही करणाऱ्यांना दाखवलं. आणि कंपास राहिलाच की! मोटरमध्ये चुंबक असतो, आणि चालू केली की तिच्यातला करंटही सुई ओढतो. विमान उत्तरेला तोंड करून उभं केलं, ब्लोअर चालू-बंद केला, सुई चार अंश सरकली. ब्लोअर सरांच्या सीटखालून पाठीमागे एक वीत नेला, नळी तेवढी वाढवली, आणि पुन्हा पट्टी धरून बघितली.