रस्ते धुतले, हवा तशीच? या चुका टाळा

हिवाळ्यात मुंबईत टँकर रस्त्यांवर पाणी मारत फिरतात. धूळ बसते, दुपारी रस्ता वाळतो आणि पहिल्याच डंपरमागे तीच धूळ उठते. आधी ती झाडून उचला, मग पाणी मारा. डंपर चाकं धुऊन, ताडपत्री बांधूनच बांधकामावरून बाहेर पडला पाहिजे. पालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या नियमांत हे आहे. दिमाखात उभे राहिले ते मात्र बांधकामाभोवतीचे पत्रे, कारण ते रस्त्यावरून दिसतात.

‘पीयूसी आहे ना, मग झालं’ ही सगळ्यांत महागात पडणारी समजूत. पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराच्या चाचणीचं प्रमाणपत्र. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा. पीएम 2.5 म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. शिवाय चाचणी उभ्या गाडीची. ट्रक खरा धूर ओकतो तो माल भरून कसारा घाट चढताना. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांच्या धुरासाठी बीएस-6 हे कडक मानक आलं, इंधनातलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर उतरलं, पण आधीचे ट्रक आहेतच. पैसा आधी ते हटवण्यात आणि बस वाढवण्यात जावा. थांब्यावर रोज पाऊण तास ताटकळणारा माणूस शेवटी दुचाकीच घेतो.

कारखान्याची चिमणी उंच केली म्हणून धूर कमी होत नाही, लांब जातो. राख पकडणाऱ्या यंत्रातून सल्फर डायऑक्साइड निसटतो आणि वाटेत त्याचेच सूक्ष्म कण बनतात. वर्षातून एकदोनदा नमुना घेऊनही काही कळत नाही. सुरतेत 2019 पासून कापड कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणी करून, कणांची एकूण मर्यादा ठरवून तेवढे कण सोडण्याच्या परवान्यांची कारखान्यांमध्ये खरेदी-विक्री सुरू झाली. कण 20 ते 30 टक्के घटले.

आता बेकऱ्या. पावाच्या भट्टीत जुनी दारं, रंगवलेल्या फळ्या, प्लायवूडही जातं, कारण ते स्वस्त. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. नुसती नोटीस देऊन हे होत नाही. गॅसजोडणी आणि ओव्हनसाठी कर्ज आधी हवं. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. नियम एकीतच असला, तर भट्टी शेजारच्या हद्दीत जाईल आणि पाव डिझेल टेम्पोत बसून परत येईल.