जुळ्या बहिणी, एकच कादंबरी, दोन निबंध
साताऱ्याहून इंग्लंडमधल्या लेस्टरला आलो तेव्हा माझ्या जुळ्या मुली नऊ वर्षांच्या होत्या. आता दोघी ए-लेव्हलला (इथली बारावीच्या तोडीची परीक्षा) इंग्रजी साहित्यात वर्गात पुढे आहेत. तुमच्याकडेही जुळी असतील तर पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एकीने समासात केलेल्या नोंदी दुसरीने बघायच्या नाहीत. प्रकरण संपलं की जेवताना मराठीतून खुशाल भांडू द्या. "आई, ती नायिका खोटं बोलतेय!" असं धाकटी म्हणाली की मी एवढंच विचारते, "कुठल्या ओळीवरून गं?" ओळ सापडली की निम्मा निबंध झालाच. लिहायला मात्र एक स्वयंपाकघरात, दुसरी जिन्यावर. कोर्सवर्कला, म्हणजे परीक्षेआधी लिहून द्यायच्या निबंधाला, 20 टक्के गुण असतात, तिथे दोघींची वाक्यं सारखी निघून चालत नाही.