घरात मोठं आजारपण आलंय? मदत मागताना या चुका टाळा

आजाराची बातमी फुटली की पहिल्या आठ दिवसांत माणसांची रीघ लागते. गावाकडून गाडी भरून पोरं येतात, सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चिन्हं पडत राहतात, तीन घरांतून तीन डबे येतात आणि दोन वाया जातात. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डाबाहेरच्या बाकावर पेशंटची बायको एकटी बसलेली असते आणि कॅन्टीनचा वडापाव खात असते. माणसं वाईट नसतात. घरच्यांनीच त्यांची सगळी ताकद पहिल्या आठवड्यात संपवलेली असते. पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलांत रक्तदाते जुळवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. दर घरात त्याच चुका बघून वैताग आला, म्हणून हे लिहायला घेतलं.

सगळे रक्तदाते एकाच दिवशी आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

माण तालुक्यातल्या एका गावातला विशीतला मुलगा, ब्लड कॅन्सर, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात केमो सुरू होणार होती. डॉक्टर म्हणाले, "प्लेटलेट लागत राहतील, दाते तयार ठेवा." मामाने त्यातलं 'लागत राहतील' ऐकलंच नाही. रात्री तालमीच्या ग्रुपवर निरोप गेला, सकाळी दोन क्रूझर हॉस्पिटलच्या दारात. पोरं धट्टीकट्टी, हौसेने आलेली, त्यांना परत कोण पाठवणार? सगळ्यांनी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, फोटो काढला. मामाने स्टेटस ठेवलं आणि गाड्या गावाला परतल्या.

बाराएक दिवसांनी मुलाच्या प्लेटलेट आठ हजारांपर्यंत घसरल्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मामा फोनवर फोन लावतोय आणि पलीकडून प्रत्येक जण तेच सांगतोय, "मामा, मी दिलंय की परवाच." पुरुषाने एकदा रक्त दिलं की तीन महिने परत देता येत नाही, बाईला चार महिने. मशीनवर नुसत्या प्लेटलेट काढायच्या म्हटलं, तरी नुकतंच रक्त दिलेल्याला काही आठवडे बसवत नाहीत. मग पहिल्या दिवशीच्या त्या एवढ्या रक्तातल्या प्लेटलेटचं काय झालं? प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. फ्रिजमध्येही ठेवता येत नाहीत, २० ते २४ अंशांना सतत हलवत ठेवाव्या लागतात. मुलाला गरज पडली तोवर त्या कुणाला तरी चढून गेल्या होत्या, नाहीतर टाकून दिल्या होत्या. त्या रात्री प्लेटलेट दिल्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलाने. त्याचा या घराशी काडीचा संबंध नव्हता. तो माझ्या वहीत होता, एवढंच.

त्यात भर म्हणजे मुलाचा सख्खा भाऊ हटून बसला होता, "माझ्या भावाला माझंच रक्त चढवा." प्रेम कळतं. पण ब्लड कॅन्सरमध्ये पुढे बोनमॅरो बदलायची वेळ आली, तर जुळतंय का हे आधी सख्ख्या भावंडांचंच बघतात. त्यांचं रक्त अगोदर चढवलेलं असेल, तर पेशंटच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकार तयार होऊन पुढचं सगळं अवघड होऊ शकतं. तिथल्या एका अनुभवी सिस्टरने त्याला बाजूला घेऊन गप्प बसवलं. रक्ताच्या आजारात घरच्यांनी रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, विषय संपला.

माझी पद्धत साधी आहे. शंभर पानी वही. नाव, रक्तगट, वजन, शेवटचं रक्त कधी दिलं, आठवड्यातल्या कोणत्या वारी मोकळा. ॲप वगैरे बरेच जण सुचवतात, पण रात्री दोन वाजता मला वहीच सापडते. प्लेटलेट लागणार असतील तर मशीनवर देणारे दाते वेगळ्या पानावर: वजन ५० किलोच्या वर, हाताची शीर ठसठशीत, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नाही. तिथे तास-दीड तास बसावं लागतं, त्याआधी तपासण्यांना वेळ जातो, म्हणून रात्रपाळी करून आलेल्या पोराला मी बोलावत नाही. उपाशी पोटी तर अजिबात नाही. श्रावणी सोमवारचा उपास धरून आलेले महाभाग मी पाहिलेत. एका वेळी दोन बोलवायचे, दोघांना फोनवर तयार ठेवायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरी बसायचं. घरी बसणं हीसुद्धा मदत आहे हे तालमीतल्या पोरांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. नियमाने प्लेटलेट ४८ तासांनी पुन्हा देता येतात, पण त्याच माणसाला मी पंधरा दिवस फोन करत नाही. पेशंटला अजून दोन महिने प्लेटलेट लागणार आहेत हे मला माहीत असतं.

आणि हो, पैसे घेऊन रक्त देणारा कुणी आणून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. १ जानेवारी १९९८ पासून देशात त्याला बंदी आहे, आणि असलं रक्त धोक्याचंही असतं.

आधी वर्गणी, मग योजना

हे म्हणजे वरातीमागून घोडं. सोसायटी, भिशी, बचत गट, भावकी, सगळीकडून पैसे गोळा होतात, हॉस्पिटलात डिपॉझिट म्हणून भरले जातात, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "अहो, फुले योजनेत बसत नाही का हे?" बसतं. पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचारांना आधी मंजुरी घ्यावी लागते. तुम्ही खिशातून भरलेलं बिल नंतर कुणी परत देत नाही. तातडीच्या केसमध्ये फोनवरूनही मंजुरी मिळते, पण त्यासाठी पहिल्या दिवशी विचारायला हवं ना.

म्हणून पेशंट दाखल झाला की पैशाचा मेसेज लिहायच्या आधी एका माणसाने तीन ठिकाणी जाऊन यायचं. पहिलं, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं तिथे. नाही सापडलं तर १५५३८८ वर फोन. रेशन कार्ड बरोबर न्या, आणि त्यावर पेशंटचं नाव आहे का ते आजच बघा. सुनेचं नाव दहा वर्षांनंतरही माहेरच्याच कार्डावर असतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. दुसरं, हॉस्पिटल धर्मादाय असेल तर तिथला समाजसेवा विभाग. धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना आहे ती, कुणाच्या मेहरबानीचा प्रश्न नाही. अट उत्पन्नाची असते, तेव्हा तहसीलदाराचा दाखला काढायला गावाकडच्या माणसाला त्याच दिवशी पाठवा. हॉस्पिटलात येऊन रडण्यापेक्षा त्याचा हा उपयोग मोठा. तिसरं, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक. मुख्यमंत्री सहायता निधी असो की कुठलाही ट्रस्ट, हा कागद सगळीकडे मागतात आणि पैसे हॉस्पिटलच्याच खात्यात जातात.

एवढं करून जो खड्डा उरेल तेवढ्यासाठीच लोकांपुढे हात पसरा. "लाखो रुपये लागणार आहेत" असं लिहिलं की लोक हात आखडतात. "योजनेतून इतके मंजूर, घरचे इतके, कमी पडतात इतके" असं लिहिलं की देतात.

पुतण्याच्या यूपीआयवर पैसे मागवणं बंद करा. पुतण्या सरळ असेल, तरी वर्षभराने चुलत्यांच्या भांडणात त्याचंच नाव निघतं. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांच्या वर आलेली रक्कम आयकराच्या हिशेबात उत्पन्न धरली जाऊ शकते, म्हणून ओळखीच्या सीएला आधी विचारा. मी तर देणाऱ्यांना पेशंटचा नोंदणी क्रमांक देतो आणि थेट हॉस्पिटलच्या बिलात भरायला सांगतो. पावती आपोआप तयार होते. जे हाती येतं त्याचा हिशेब दर रविवारी ग्रुपवर टाकायचा, शंभर रुपये देणाऱ्याच्या नावासकट. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळेल असं कुणाला सांगू नका, एका व्यक्तीला दिलेल्या पैशांवर ती मिळत नाही.

पेशंटलाच माहीत नाही, गावाला माहीत आहे

"अण्णांना काही सांगितलं नाहीये हं," असं कुजबुजत सांगणारी मंडळीच अण्णांचा नळ्या लावलेला फोटो चार ग्रुपवर टाकतात. एका घरात ते मदतीचं आवाहन फिरत फिरत अण्णांच्याच दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर पोचलं. आजाराचं नाव, 'शेवटची आशा' हे शब्द, सगळं त्यांनी स्वतः वाचलं. त्यानंतर दोन दिवस ते मुलांशी बोलले नाहीत. पैसे मागितले याचा राग नव्हता. आपल्याला न विचारता आपली झोळी फिरवली, हे त्यांना लागलं होतं.

आधी पेशंटला विचारा. फोटो हवाच असेल तर घरातला, चांगल्या कपड्यांतला टाका. आधार कार्ड आणि रिपोर्टांचे फोटो तर टाकूच नका, एका माणसाकडे ठेवा, मागेल त्याला त्याने दाखवावेत.

मेसेजवर तारीख घाला. मी असा लिहितो: "आज मंगळवार. बी पॉझिटिव्ह प्लेटलेटसाठी दोन दाते हवेत, उद्या सकाळी दहापर्यंत, अमुक हॉस्पिटल, रक्तपेढी पहिला मजला. फोन फक्त पेशंटच्या मेहुण्याला. गुरुवारनंतर हा मेसेज पुढे पाठवू नका." गरज भागली की तसाही निरोप टाकायचा. बाळाला रक्त हवंय म्हणून फिरणारे काही मेसेज असे आहेत की ते बाळ आता कॉलेजात असेल. क्यूआर कोड चिकटवलेलं आवाहन तर पुढे ढकलूच नका. मधल्या मध्ये कोड बदलणारे भामटे आहेत.

आता भराभर.

केमो चालू असलेल्या पेशंटला भेटायला लहान पोरं, सर्दीवाले आणि पुष्पगुच्छ नेऊ नका. जंतुसंसर्ग त्याला झेपत नाही.

गावठी औषधाची पुडी आणणाऱ्याला चहा पाजा आणि पुडी परत द्या. आणणारा सख्खा काका असला तरीही.

परळला टाटात नंबर लागला असेल तर राहायची सोय निघायच्या आधी बघा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठी कित्येक वर्षं आधार आहे, पण हॉस्पिटलचे कागद हातात ठेवा आणि बरोबर पाच जण नेऊ नका.

आमदारांचं पत्र मागायला सगळी भावकी जाऊ नये. एक माणूस पुरतो.

पेशंटच्या बायकोला किंवा आईला फोन करून "काय लागलं तर सांगा" म्हणू नका. ती काही सांगत नाही. घरातला पण जरा लांबचा, न रडणारा, थोडा खडूस माणूस गाठा (मेहुणे या कामाला उत्तम, असा माझा अनुभव) आणि सगळे फोन त्याच्याकडे वळवा. त्याने वारांप्रमाणे कामं वाटायची: बुधवारचा डबा कुणाचा, धाकट्याला क्लासला कोण सोडणार, गॅस कोण लावून घेणार, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात कोण. "मी आत्ता लगेच येतो" म्हणणाऱ्या उत्साही माणसाला मी मुद्दाम सहाव्या आठवड्यातला शनिवार देतो. निम्मे तिथेच गळतात, उरलेले शेवटपर्यंत टिकतात.

गावाकडच्यांना तर पुण्याला बोलवायचीच गरज नसते. घरातली दोन माणसं हॉस्पिटलात अडकलेली, रानात सोयाबीन शेंगा फुटायला आलेलं. तिथे इर्जिक घाला म्हणावं, म्हणजे गावाने मिळून, मजुरी न घेता, फक्त जेवणावर एका घरचं काम उरकायचं. पंधरा माणसं एका दिवसात काढणी उरकतात, आणि ते पीक वाचलं तर केमोच्या पुढच्या दोन फेऱ्यांच्या औषधांचे पैसे त्यातूनच निघतात. क्रूझरच्या डिझेलमध्ये घातले असते तेवढ्याच पैशांत इर्जिकीच्या माणसांचं मटण-भाकरीचं जेवण होतं.

शेवटचा मुद्दा कुणालाच आवडत नाही, पण तो पहिल्याच आवाहनात लिहायचा असतो: पैसे उरले तर काय. पेशंट बरा झाला तर चांगलंच, पण गेला तर तेराव्यानंतर हा विषय काढायला कुणाची जीभ रेटत नाही, आणि मग वर्षभर गावात कुजबुज चालते. मी एकच ओळ घालतो: "उरलेली रक्कम याच वॉर्डातल्या दुसऱ्या गरजू पेशंटच्या बिलात भरली जाईल, पावती ग्रुपवर येईल." ही ओळ लिहायला घरचे कां कूं करतात. तेव्हा मी ती स्वतःच टाइप करतो आणि सही करायला मेहुण्यापुढे फोन धरतो.